जुन्या सार्वजनिक व कार्यालयीन इमारतींतील अग्निसुरक्षेचे अनुपालन : भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीच्या संदर्भात

प्रस्तावना

अग्निसुरक्षा हा विषय सामान्यतः अग्निशमन दलाचा मानला जातो. आग लागल्यावर पाण्याचा बंब किती वेळात पोहोचला, जवानांनी किती जणांना वाचविले, यावर वृत्तपत्रांतील चर्चा केंद्रित होते. तथापि, आगीत किती माणसे दगावतील याचा निर्णय बहुतांशी बंब येण्यापूर्वीच झालेला असतो. तो इमारतीच्या रचनेत, विजेच्या जोडणीत, दारांच्या कुलपांत आणि कार्यालयातील कागदपत्रांत आधीच दडलेला असतो. इमारत जितकी जुनी, तितका हा निर्णय अधिक काळ कोणाच्याही नजरेस न पडता साचत राहतो.

दि. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात लागलेल्या आगीने हा प्रश्न संपूर्ण राज्यासमोर आणला. रुग्णालय आणि कार्यालय या दोन भिन्न प्रकारच्या वास्तू असल्या, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्यात एक महत्त्वाचे साम्य आढळते. दोहोंचा मालक एक, वापरणारा दुसरा, देखभाल करणारा तिसरा आणि तपासणी करणारा चौथा असतो. जुन्या इमारतींतील अग्निसुरक्षेचे अनुपालन प्रामुख्याने साधनांच्या अभावी अडते की जबाबदारीच्या विभागणीमुळे अडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात भंडारा येथील घटनेच्या आधारे केला आहे.

भंडारा येथील घटना

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख आहे. या लोकसंख्येतील ज्या कुटुंबांना नागपूरच्या खाजगी रुग्णालयांचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालय हाच आधार आहे. कमी वजनाच्या, मुदतपूर्व जन्मलेल्या किंवा आजारी बालकांसाठी तेथे विशेष नवजात शिशु काळजी कक्ष चालविला जात होता. ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर, दीड ते दोनच्या दरम्यान या कक्षात आग लागली. त्या वेळी तेथे १७ बालके दाखल होती. कक्षाचे दोन भाग होते. रुग्णालयातच जन्मलेल्या बालकांच्या भागातील ७ बालकांना बाहेर काढण्यात यश आले. बाहेरून दाखल झालेल्या बालकांच्या भागातील १० बालके मृत्युमुखी पडली. शासनाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार यांपैकी ३ बालकांचा मृत्यू भाजल्याने, तर ७ बालकांचा मृत्यू गुदमरून झाला.

राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. बालकांना ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मर या विद्युत उपकरणात बिघाड होऊन आग लागल्याचा निष्कर्ष समितीने काढला. त्यानंतर काही अधिकारी व कर्मचाऱ्यांवर निलंबनाची, बदलीची आणि सेवासमाप्तीची कारवाई झाली. राज्यातील रुग्णालयांचे अग्निसुरक्षा लेखापरीक्षण करण्याचे आदेशही देण्यात आले.

व्यक्तींवरील कारवाई आवश्यक असेलही. परंतु त्यातून एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एका उपकरणातील बिघाड ही घटना कोणत्याही इमारतीत, कोणत्याही रात्री घडू शकते. ती एका उपकरणापुरती मर्यादित राहील की खोलीभर पसरेल, धूर वेळीच लक्षात येईल की उशिरा, आणि आतील जिवांना बाहेर काढण्यास दुसरा मार्ग असेल की नाही, या बाबी मात्र अपघाताच्या नाहीत. त्या नियमांनी ठरविलेल्या आहेत आणि नियम पाळण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपविलेली आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या विषयावरील प्रमुख कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ होय. तो डिसेंबर २००८ पासून अंमलात आला आणि २००९ मध्ये त्याखालील नियम करण्यात आले. या कायद्याच्या नावातच दोन स्वतंत्र उद्दिष्टे आहेत. आग लागू नये हे पहिले आणि आग लागल्यास माणूस वाचावा हे दुसरे. व्यवहारात पहिल्या उद्दिष्टाकडे लक्ष दिले जाते आणि दुसरे बहुधा दुर्लक्षित राहते. भिंतीवर लाल सिलिंडर टांगला की काम संपले, असा समज त्यातूनच रूढ झाला आहे.

तांत्रिक निकषांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घेतला जातो. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेला वाहिलेला आहे. या भागात इमारतींचे वर्गीकरण त्यांच्या वापरानुसार केले जाते. निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, जनसमूहाच्या, व्यावसायिक, विक्रीच्या अशा वर्गांपैकी रुग्णालये संस्थात्मक वर्गात, तर कार्यालये व्यावसायिक वर्गात मोडतात. वर्गीकरणाचा पाया वापर हाच असल्यामुळे वापर बदलला की इमारतीला लागू होणारे निकषही बदलतात, हे तत्त्व येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

२००६ च्या अधिनियमातील कलम ३ हे या कायद्याचे हृदय मानता येईल. या कलमानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने, यथास्थिति, आवश्यक उपाययोजना पूर्ण केल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे किंवा नामनिर्देशित अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. शिवाय या उपाययोजना सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै या महिन्यांत द्यावयाचे असते. पहिले प्रमाणपत्र इमारतीत काय बसविले आहे ते सांगते. सहामाही प्रमाणपत्र ते आजही चालते की नाही ते सांगते. जुन्या इमारतीच्या दृष्टीने दुसरे प्रमाणपत्र अधिक मोलाचे आहे. इमारत कोणत्या साली बांधली हा प्रश्न तेथे गौण ठरतो आणि ती आज कोणत्या स्थितीत आहे, एवढेच पाहिले जाते.

यासोबत दोन घटनात्मक व प्रशासकीय बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत स्वतंत्र व सुसज्ज अग्निशमन विभाग उभे राहिले. परंतु भंडारा, तुमसर, पवनी यांसारख्या नगरपरिषदांना मर्यादित उत्पन्नातून हे काम सांभाळावे लागते. दुसरी बाब शासकीय इमारतींची. खाजगी बांधकामास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्या टप्प्यावर अग्निसुरक्षेची विचारणा होते. शासनाच्या स्वतःच्या बांधकामासाठी मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५८ मध्ये वेगळी कार्यपद्धती असून तीत प्राधिकरणाला बांधकामाच्या इराद्याची लेखी सूचना द्यावयाची असते. ज्या दारावर खाजगी मालकाला थांबविले जाते, त्या दारावर शासकीय विभागाची विचारपूस त्याच पद्धतीने होत नाही.

‘मालक किंवा भोगवटादार’ : जबाबदारीचा प्रश्न

कायद्याच्या भाषेत ‘मालक किंवा भोगवटादार’ हा शब्दप्रयोग जबाबदारी निसटू नये म्हणून योजलेला आहे. मालक दूर असेल तर भोगवटादार उत्तरदायी राहील, असा त्यामागील हेतू दिसतो. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या इमारतींत याच ‘किंवा’चा आश्रय घेऊन प्रत्येक जण जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवू शकतो.

शासकीय इमारतीचे उदाहरण घेऊ. इमारत शासनाची असते. तिचे बांधकाम व दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. त्यातही स्थापत्य आणि विद्युत या शाखा वेगळ्या असतात. वापर आरोग्य, महसूल, शिक्षण अशा एखाद्या विभागाकडे असतो. उपकरणांची खरेदी तोच विभाग किंवा एखादी योजना करते. विद्युत संचमांडणीची तपासणी ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षकाच्या कक्षेत येते, तर अग्निसुरक्षेची तपासणी अग्निशमन अधिकाऱ्याच्या. आता या चौकटीत एखादे नवे विद्युत उपकरण कल्पावे. ते ज्या भिंतीतील तारांवर चालते त्या तारा एका विभागाच्या, ते ज्या खोलीत आहे ती दुसऱ्या विभागाच्या आणि त्याची देखभाल तिसऱ्याच कंत्राटदाराच्या हाती असते. अग्निशमन अधिकारी आला तर तो सिलिंडर व सुटकेचे मार्ग पाहतो. विद्युत निरीक्षक आला तर तो मुख्य संचमांडणी पाहतो. उपकरण, तार आणि खोली या तिहींचा एकत्रित धोका कोणाच्याच तपासणीत येत नाही.

खाजगी कार्यालयीन इमारतींत चित्र निराळे दिसले, तरी गाभा तोच असतो. जिल्हा व तालुक्याच्या ठिकाणच्या बाजारपेठेतील तीन-चार मजली इमारती पाहिल्या, तर तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर बँक किंवा पतसंस्था, त्यावर वकिलांची, विमा प्रतिनिधींची कार्यालये, शिकवणी वर्ग आणि एखादे छोटे रुग्णालय अशी रचना आढळते. गाळे वेगवेगळ्या व्यक्तींच्या मालकीचे किंवा भाड्याने दिलेले असतात. प्रत्येक गाळ्याचा भोगवटादार निश्चित असतो. परंतु जिना, मीटरची खोली, गच्चीचे दार आणि पाण्याची टाकी यांचा भोगवटादार कोण, हे कोणीच सांगू शकत नाही. आगीच्या वेळी जीव वाचतो तो मात्र याच सामाईक जागांच्या भरवशावर.

या प्रश्नाकडे सर्वोच्च न्यायालयाचेही लक्ष गेले आहे. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. आग तळमजल्यावरील वाहनतळाच्या भागात असलेल्या, वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुरू झाली आणि धूर वर बाल्कनीपर्यंत पोहोचला. तेथे जादा खुर्च्या बसविल्यामुळे बाहेर पडण्याचा मार्ग अडला होता. ट्रान्सफॉर्मर एकाचा, इमारत दुसऱ्याची, परवाना देणारे तिसरे, अशी विभागणी तेथेही होती. फौजदारी प्रकरणाच्या २०१४ मधील निकालात न्यायालयाने वास्तूवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या भोगवटादाराच्या, तेथे येणाऱ्यांची काळजी घेण्याच्या कर्तव्याची सविस्तर चर्चा केली. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर जबाबदारी, असे या विवेचनाचे सार साध्या शब्दांत मांडता येईल.

इमारत जुनी होते तेव्हा

इमारत जुनी होणे म्हणजे केवळ भिंतींना तडे जाणे नव्हे. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तीन गोष्टी जुन्या होतात अथवा बदलतात.

पहिली गोष्ट विद्युत भार. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्यालयात दिवे, पंखे आणि फार तर एखादा कूलर एवढाच भार गृहीत धरलेला असे. आज त्याच तारांवर संगणक, छपाईयंत्रे, वातानुकूलन यंत्रे, बॅटरीवरील इन्व्हर्टर चालतात. तारेतून वाहणारा विद्युत प्रवाह दुप्पट झाला, तर तीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. सामान्य पीव्हीसी आवरणाच्या तारा सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेल्या असतात. त्याहून अधिक उष्णतेत आवरण हळूहळू कडक व ठिसूळ होते. सैल झालेल्या जोडावर ठिणगी पडण्यास मग निमित्त लागत नाही. वारंवार पडणारा एमसीबी ही खरी तर धोक्याची सूचना असते. अनेक ठिकाणी मात्र त्या जागी अधिक क्षमतेचा एमसीबी बसवून तक्रार मिटविली जाते आणि तारेला असलेले एकमेव संरक्षण काढून घेतले जाते.

दुसरी गोष्ट जळाऊ साहित्य. शासकीय अथवा खाजगी कार्यालय जितके जुने, तितके त्यात कागद अधिक. गठ्ठे, लाकडी कपाटे, प्लायवूडची पार्टिशने आणि फॉल्स सीलिंग यांतून आगीला सलग मार्ग मिळतो. मुंबईतील मंत्रालयाची इमारत १९५० च्या दशकातील. दि. २१ जून २०१२ रोजी तिच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली व ५ जणांचा मृत्यू झाला. राज्याच्या प्रशासनाचे केंद्र असलेली, अग्निशमन दल जवळ असलेली ही वास्तू दिवसाढवळ्या, कामकाजाच्या वेळेत पेटली. साधनसंपत्तीच्या अभावाचे कारण तेथे सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट वापर. कोलकात्यातील एका खाजगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी लागलेल्या आगीत सुमारे नव्वद जणांचा मृत्यू झाला. वाहनतळासाठी असलेल्या तळघराचा वापर तेथे साठवणुकीसाठी होत होता. मुंबईतील कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री एका उपाहारगृहाला लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. कापड गिरणीच्या त्या आवारात पुढे कार्यालये आणि उपाहारगृहे आली होती. दोन्ही ठिकाणी जागा एका हेतूने बांधली गेली आणि दुसऱ्या हेतूने वापरली गेली. राष्ट्रीय इमारत संहितेचे वर्गीकरण वापरावर आधारलेले असल्याने अशा प्रत्येक बदलाच्या वेळी इमारतीची नव्याने तपासणी होणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात टेबल-खुर्च्या हलवून वापर बदलतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

धूर, वेळ आणि अंतर

भंडारा येथील दहा बालकांपैकी सात बालके गुदमरून दगावली, ही बाब या विषयाच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोगी आहे. इमारतींतील आगीत ज्वाळांपेक्षा धूर अधिक बळी घेतो, हे सर्वत्र आढळणारे वास्तव आहे. अपुऱ्या प्राणवायूत जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे बांधला जातो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. त्यात प्लास्टिक व फोम जळून निघणाऱ्या इतर विषारी वायूंची भर पडते. गरम धूर प्रथम छताशी जमा होतो, मग खाली उतरतो, आणि उघड्या जिन्यातून धुराड्यातून जावा तसा वर चढतो. आग खालच्या मजल्यावर असूनही वरच्या मजल्यावरील माणसे दगावण्याचे कारण हेच.

संहितेतील अनेक निकष याच तथ्यातून निघाले आहेत. कार्यालयीन इमारतीत, आगीला पुरेशी प्रतिकारक्षम अशी रचना असल्यास, कोणत्याही जागेपासून सुटकेच्या दारापर्यंतचे चालण्याचे अंतर सर्वसाधारणपणे ३० मीटरपेक्षा अधिक असू नये, असे २०१६ ची आवृत्ती सांगते. कार्यालयीन इमारतीसाठी जिन्याची किमान रुंदी १.५ मीटर, तर रुग्णालयासाठी २ मीटर अपेक्षित आहे. रुग्णालयातील हा अर्धा मीटर स्ट्रेचरसाठी आहे. जो स्वतः चालू शकत नाही त्याला दुसऱ्याने बाहेर न्यावे लागते, हे गृहीत धरून तो ठरविलेला आहे.

नवजात बालकांचा कक्ष हे या गृहीतकाचे टोक आहे. तेथील एकही रहिवासी स्वतः दारापर्यंत जाऊ शकत नाही, ओरडूही शकत नाही. तेथे धोक्याची सूचना देणारे यंत्र, जवळचा दुसरा मार्ग आणि जागा माणूस या तीन गोष्टींखेरीज सुटकेचे अन्य साधन नाही. प्राणवायूचा वापर होत असल्याने आगीचा वेगही अधिक असतो. दि. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील झाशी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात लागलेल्या आगीत पुन्हा १० बालके आगीच्या रात्रीच मृत्युमुखी पडली. भंडाऱ्यानंतर जवळपास चार वर्षांनी तीच जागा, तेच वय आणि तीच संख्या पुन्हा समोर आली.

लेखापरीक्षण म्हणजे अनुपालन नव्हे

भंडाऱ्याच्या घटनेनंतर राज्यात लेखापरीक्षणाचे आदेश निघाले. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून प्रत्येकी दहाहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. या घटनांची कारणे स्वतंत्र आहेत. तथापि, आदेश निघणे आणि धोका कमी होणे यांत किती अंतर असते, ते त्यांवरून स्पष्ट होते.

लेखापरीक्षण हे रोगनिदानासारखे आहे. त्यातून उणिवांची यादी मिळते. ती दूर करण्यासाठी अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निधी, निविदा आणि प्रत्यक्ष काम असे टप्पे पार पाडावे लागतात. प्रत्येक टप्पा वेगळ्या कार्यालयात असल्याने अहवाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहतो. दरम्यान इमारत चालूच असते. गंभीर उणिवा आढळल्यावर त्या दूर होईपर्यंत संबंधित कक्ष वापरायचा की नाही, हा प्रश्न अहवालात बहुधा विचारलाच जात नाही. खाजगी इमारतीबाबत कायद्याने अधिकाऱ्याला नोटीस देण्याचे आणि तातडीचा धोका असल्यास वीजपुरवठा तोडण्यासारख्या कठोर कारवाईचे अधिकार दिले आहेत. परंतु जिल्ह्यातील एकमेव शासकीय नवजात कक्ष बंद करण्याचा निर्णय घेणे हे कोणत्याही स्थानिक अधिकाऱ्याला सोपे नाही. कारण कक्ष बंद ठेवल्यानेही बालके दगावू शकतात. हा पेच खरा आहे आणि तो केवळ दंडाच्या भाषेत सुटणारा नाही. म्हणूनच उणिवा कक्ष बंद करण्याइतक्या गंभीर होण्यापूर्वी दर सहा महिन्यांनी पाहणी व्हावी, ही कायद्यातील योजना महत्त्वाची ठरते.

जुन्या इमारतींत सर्व आधुनिक निकष पाळणे शक्य नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. जिना रुंद करणे किंवा नवा जिना बांधणे खर्चिक असते आणि कधी जागेअभावी अशक्यही असते. परंतु अनुपालनातील अनेक बाबींना बांधकाम लागत नाही. जिन्यातील जुनी कपाटे हलविणे, गच्चीच्या दाराचे कुलूप काढणे, मीटरच्या खोलीतील रद्दी उचलणे, धोकासूचक धूरशोधक बसविणे, प्रत्येक वायरिंगच्या शाखेवरील भार लिहून ठेवणे, भारतीय मानक २१९० नुसार अग्निशामकांची नियमित देखभाल करणे आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना ते हाताळण्याचा सराव देणे, या गोष्टी कोणत्याही वयाच्या इमारतीत होऊ शकतात. त्या होत नाहीत याचे कारण निधीच्या अभावापेक्षा अधिक, त्या कोणी करावयाच्या हे लिहिलेले नसते हे आहे.

महाविद्यालयीन इमारतींचा संदर्भ

हा प्रश्न रुग्णालये व कार्यालये यांच्यापुरता मर्यादित मानून उच्च शिक्षणक्षेत्राला त्यापासून दूर राहता येणार नाही. महाविद्यालयाची इमारत संस्थेच्या मालकीची असते. तिचा दैनंदिन ताबा प्राचार्यांकडे असतो. प्रयोगशाळा विभागप्रमुखांकडे, ग्रंथालय ग्रंथपालांकडे आणि वीजदुरुस्ती बाहेरच्या वायरमनकडे असते. जुन्या वर्गखोल्यांचे रूपांतर संगणक प्रयोगशाळेत झालेले असते, परंतु भिंतीतील तारा पूर्वीच्याच राहतात. ग्रंथालयात कागद, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्वलनशील द्रावके आणि कार्यालयात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. परीक्षेच्या काळात शिस्तीसाठी एकच चॅनेल गेट उघडे ठेवून उर्वरित दारांना कुलूप लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. नेमक्या त्याच दिवशी इमारतीत सर्वाधिक विद्यार्थी असतात. अधिस्वीकृतीच्या वेळी अग्निशामकांची छायाचित्रे अहवालाला जोडली जातात. परंतु त्यांतील किती चालू स्थितीत आहेत आणि ते कोणाला चालविता येतात, याची नोंद क्वचितच सापडते.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, जुन्या इमारतींतील अग्निसुरक्षेची उणीव ही मुख्यतः जबाबदारीच्या विभागणीतून निर्माण होते. कायदा अपुरा नाही. परंतु त्यातील ‘मालक किंवा भोगवटादार’ या शब्दांना प्रत्येक इमारतीत एका निश्चित पदनामाची जोड मिळाल्याशिवाय तो अंमलात येत नाही. त्या दृष्टीने पुढील सूचना करता येतील.

१. प्रत्येक सार्वजनिक, कार्यालयीन व शैक्षणिक इमारतीसाठी लेखी आदेशाने एक भोगवटादार निश्चित करावा. अनेक गाळ्यांच्या इमारतीत जिना, मीटरची खोली व गच्ची यांसाठी गाळेधारकांनी एकत्रितपणे एकाची नेमणूक करावी.

२. जानेवारी व जुलैमधील प्रमाणपत्राची प्रत इमारतीच्या प्रवेशद्वाराशी लावावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचता आली, तर पुढील सहामाहीत ती चुकण्याची शक्यता कमी होते.

३. विद्युत आणि अग्निसुरक्षेची तपासणी शक्य तेथे एकत्र व्हावी. नवे उपकरण जोडण्यापूर्वी त्या शाखेवरील भार तपासल्याची नोंद ठेवावी.

४. खोलीचा वापर बदलताना तो बदल नोंदवून त्याला लागू होणारे निकष पुन्हा पाहावेत.

५. लेखापरीक्षणाच्या अहवालात प्रत्येक उणिवेसमोर जबाबदार पदनाम, मुदत आणि निधीचा स्रोत असे रकाने असावेत. उणीव दूर होईपर्यंत घ्यावयाची तात्पुरती खबरदारीही तेथेच नमूद करावी.

६. आगीचा सराव दिवसा, सर्व कर्मचारी हजर असताना न घेता, कमीत कमी कर्मचारी असलेल्या वेळी घ्यावा. भंडाऱ्याची आग मध्यरात्रीनंतर लागली होती.

भंडाऱ्यातील आगीची तारीख ९ जानेवारी होती. कायद्याने दर वर्षी ज्या महिन्यात इमारतीच्या स्थितीचे प्रमाणपत्र मागितले आहे, त्याच महिन्याचा तो दुसरा आठवडा होता. त्या प्रमाणपत्रावर सही कोणी करावयाची, हे प्रत्येक इमारतीत ठाऊक असणे ही अनुपालनाची पहिली पायरी होय. ज्या दहा बालकांचे बहुधा नामकरणही झाले नसेल, त्यांच्या मृत्यूचा अर्थ शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि गाळेधारकांनी आपापल्या इमारतीच्या जिन्यात उभे राहून शोधला पाहिजे.